तो ओठ मी सरळ केला

चित्रकलेच्या शिक्षकाने घरातलं जुनं कपाट आवरायला काढू नये. गेल्या दिवाळीआधी घरच्यांच्या आग्रहाखातर मी ते काढलं आणि दोन दिवस त्यातच बसून राहिलो. वाईच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. निवृत्त होताना शाळेच्या कपाटातलं सगळं दोन पोत्यांत भरून घरी आणलं आणि नंतर त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता उघडलं, तर सुकून दगड झालेले पोस्टर कलर, केस झडलेले ब्रश, ढोल्या गणपतीच्या देवळाची शंभरेक चित्रं आणि मेणवलीच्या घंटेची जवळजवळ तितकीच. वाईच्या मुलाला ही दोन चित्रं काढल्यावाचून सुटका नसते! आणि सगळ्यात खाली, प्रदर्शनात न लागलेल्या आणि परत न्यायला कुणी न आलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यात, एक पेन्सिलचित्र.

पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट घातलेला एक माणूस. दाट मिशी, मागे वळवलेले आखूड केस, एक मूठ आकाशाकडे उगारलेली आणि दुसऱ्या हातात माइक. खाली कोपऱ्यात मुलाचं नाव, ‘नववी ब’ आणि साल १९९३. चित्र नववीतल्या मुलाचं वाटू नये इतकं चांगलं होतं. फक्त ओठांपाशी एक जाड, काळी, आत्मविश्वासाने ओढलेली रेघ होती. ती मुलाची नव्हती. ती माझी होती.

तो दिवस मला लख्ख आठवला. वार्षिक प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एक व्यक्तिचित्र आणायचं होतं. इतरांनी महाराज, लोकमान्य, सावित्रीबाई आणल्या होत्या. याने हे आणलं. मी कागद उंच धरला आणि वर्गाला विचारलं, ‘‘हा कोण रे, हवालदार?’’ वर्ग खदखदून हसला. मुलगा हळूच म्हणाला, ‘‘सर, फ्रेडी मर्क्युरी. क्वीनचा.’’ ‘‘कुठल्या क्वीनचा?’’ असं मी विचारलं आणि वर्ग पुन्हा हसला. मग मी मास्तरकी सुरू केली. माइकचा दांडा अर्ध्यातच का संपला, कागद पुरला नाही का? वरचा ओठ असा ताणून खाली कसा येईल, तोंडाची रचना नीट बघ. आणि माझी ४बी पेन्सिल घेऊन मी तो ओठ ‘सरळ’ करून दिला. वर उपदेशही केला, ‘‘हे विलायती चेहरे कशाला? आपल्या मातीतला एखादा चेहरा काढ.’’

मुलाने आठवड्याभरात कॅलेंडरवरून लोकमान्य टिळक काढून आणले. पगडी, मिशी, उपरणं, सगळं जागच्या जागी होतं. ते भिंतीवर लागलं, त्याला दुसरं बक्षीसही मिळालं. त्या चित्रात जीव नव्हता हे मला तेव्हाही दिसत होतं. पण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं आणि शिक्षकाला तेवढं पुरतं.

आता माझ्या अज्ञानाचा हिशेब मांडतो. ज्याला मी विलायती म्हणालो, तो फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारला एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. आठ वर्षांचा असताना त्याला शिकायला पाठवलं ते थेट आमच्या डोक्यावर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत! शाळेची बहुतेक सगळी वर्षं त्याने तिथेच काढली. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि तिथेच त्याने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी वाद्यवृंद काढला. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. म्हणजे एकाच घाटाच्या पायथ्याशी एक शाहीर जन्मला आणि माथ्यावर एक रॉक गायक वाढला. पायथ्याचा आम्हाला अभिमान होता, तो असायलाच हवा. माथ्याचा आम्हाला पत्ताच नव्हता. चौदा वर्षांच्या मुलाला मी ‘आपल्या मातीतला चेहरा काढ’ म्हणून सांगत होतो, तेव्हा त्याच्या कागदावरच्या माणसाच्या बुटांना आमच्याच डोंगराची लाल माती लागून गेलेली होती.

माइकच्या दांड्याचंही तसंच. एका सुरुवातीच्या कार्यक्रमात स्टँड मधूनच निसटलं आणि हातात राहिलेला अर्धा दांडाच फ्रेडीने पुढे आपली खूण करून टाकला, हे क्वीनच्या कुठल्याही चाहत्याला माहीत असतं. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’चा जो प्रचंड कार्यक्रम झाला, त्यातही तो अर्धाच दांडा त्याच्या हातात आहे. मुलाचा कागद पुरेसा होता. माझी माहिती अपुरी होती.

पण खरा डाग ओठाचा. निवृत्तीनंतर भाच्याच्या संगणकावर मी पहिल्यांदा तो कार्यक्रम पाहिला आणि नंतर कुतूहलाने फ्रेडीबद्दल मिळेल ते वाचलं. त्याच्या तोंडात मागच्या बाजूला चार दात जास्त होते. त्यांनी पुढचे दात बाहेर ढकलले होते. ते काढून टाकले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने ते आयुष्यभर तसेच ठेवले आणि फोटो काढताना, बोलताना, हसताना वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायची त्याला सवय होती. लाखो माणसांना एका मुठीच्या इशाऱ्यावर नाचवणारा हा माणूस स्वतःच्या दातांपाशी लाजत होता! हे सगळं त्या एका ताणलेल्या ओठात होतं. नववीतल्या पोराने कॅसेटच्या वेष्टनावरच्या काडेपेटीएवढ्या फोटोवरून आणि केबलवर पाहिलेल्या चार-दोन गाण्यांवरून ते टिपलं होतं. त्याला दातांची गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने फक्त नीट पाहिलं होतं. आणि मी, शासकीय डिप्लोमावाला, तिथे कुणाचाही चालेल असा एक ओठ बसवून दिला.

तेव्हापासून मी एक उद्योग आरंभला आहे. रोज सकाळी चहा झाला की तासभर बसून रॉक गायक-वादकांचे चेहरे पेन्सिलीने काढतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी लागलेलं खूळ. असेल. पण एकतीस वर्षं जे शिकवलं त्याचा खरा अभ्यास माझा आता होतो आहे.

पेन्सिल हे गरीब माध्यम आहे. शिसपेन्सिल म्हणतो आपण, पण तिच्यात शिसं नसतंच; असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. १७९५ साली फ्रान्समध्ये कोंते नावाच्या गृहस्थाने या दोहोंचं मिश्रण भट्टीत भाजायची युक्ती काढली, त्यामुळे माती कमी-जास्त करून कठीण आणि मऊ पेन्सिली करता येऊ लागल्या. २एच, एचबी, २बी, ६बी हे सगळं त्या मातीचं प्रमाण. एवढ्याशा सामानावर रंगमंचावरचा झगमगाट उभा करायचा, म्हणजे पांढरं आधी राखून ठेवावं लागतं. घामाने चमकणारं कपाळ काढता येत नाही. ते कोरं सोडावं लागतं आणि भोवतीचा काळोख भरावा लागतो. लांब केस काढायचे तर एकेक केस ओढत बसलात की झाडू तयार होतो. केसांच्या बटांमधल्या काळ्या फटी काढायच्या, केस आपोआप दिसतात. गाताना उघडलेल्या तोंडात दात मोजून काढले की माणूस भयानक दिसतो. दातांची एक पांढरी पट्टी ठेवावी, बस्स. मुलांना मी हे सगळं सांगत असे. सांगत नव्हतो ते एवढंच, की हे नियम चेहऱ्याच्या जवळ जाईपर्यंतचे आहेत. जवळ गेल्यावर प्रत्येक चेहरा आपला स्वतंत्र नियम सांगतो.

डेव्हिड बोवीचा चेहरा घ्या. शाळेत असताना, १९६२ मध्ये, मित्राचा ठोसा लागून त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली. लोकांना वाटे, त्याचे दोन डोळे दोन रंगांचे आहेत. रंगात काढणारा तिथे फसतो. पेन्सिलीला रंगच नाही, त्यामुळे तिला खरी गोष्ट काढावीच लागते : एक बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, दुसरी मिऱ्याएवढी. जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी करून, तारा पुन्हा चढवून वाजवत असे. त्याची गिटार ‘बरोबर’ काढली की चित्र चुकतं. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तो सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तोही डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोप्या केल्या, त्या बोटांवर चढवल्या, तारा हलक्या केल्या आणि त्यातून जो जड, गंभीर आवाज घडत गेला त्यावर पुढे हेवी मेटलची सगळी इमारत उभी राहिली. त्या दोन बोटांना आपण सुबक नखं काढून दिली, तर संपूर्ण इतिहास खोडल्यासारखं होईल. मला तरी असे खोडलेले इतिहास किती असतील याची आता भीती वाटते.

कुणी म्हणेल, हे सगळं खरं, पण फोटोवरून काढणं ही कला आहे का? नक्कल आहे ती. हा आक्षेप मी स्वतः वर्षानुवर्षं घेत आलो. आता वाटतं, आपण नकलेला फार लवकर नावं ठेवतो. आपल्याकडे गाणं शिकणारा शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या गळ्याची नक्कलच करत असतो, त्याला आपण तालीम म्हणतो. आणि रॉकवाल्यांची गंमत अशी, की त्यांच्यातले कितीतरी जण आधी पेन्सिलवाले होते. जॉन लेनन १९५७ साली लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात गेला. कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, पीट टाउनशेंड आणि रॉनी वुड ईलिंगच्या. वुड आजही आपल्या साथीदारांची चित्रं काढतो. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स जाहिरात संस्थेत चित्रं काढायची नोकरी करत होता आणि पुढे जगभरच्या दौऱ्यांत ज्या ज्या हॉटेलात झोपला, तिथल्या पलंगाचं रेखाचित्र काढायचा नेम त्याने अनेक दशकं पाळला. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीचं मुखपृष्ठ कॅमेऱ्याने नव्हे, त्यांच्या हॅम्बुर्गच्या दिवसांतल्या क्लाउस फोरमान या मित्राने काळ्या शाईने काढलं; चेहरे रेषांचे आणि केसांच्या जंगलात फोटोंचे कपटे चिकटवलेले. त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालं.

आणि आमचा घाटमाथ्यावरचा फारुख? तोही ईलिंगच्याच कला महाविद्यालयात ग्राफिक कला शिकला, १९६९ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला. क्वीनचं मानचिन्ह त्याने स्वतः रेखाटलं. विद्यार्थी असताना तो काय काढत बसे, माहीत आहे? जिमी हेंड्रिक्सची चित्रं. आपल्या देवाचा चेहरा पुन्हा पुन्हा काढून तो भिंतीवर लावत असे. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलाने जे केलं, नेमकं तेच फ्रेडीने केलं होतं. त्याला कुणी ‘हवालदार’ म्हणून हसलं का, मला माहीत नाही. हसलं असेल तरी त्याने मनावर घेतलं नाही, हे आपलं भाग्य.

‘आपले चेहरे’ आणि ‘त्यांचे चेहरे’ या भेदाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण पालकांच्या मनात तोच असतो. मुलगा भिंतीवर लांब केसवाल्याचं चित्र लावतो तेव्हा बापाला वाटतं, पोरगं हातातून गेलं. पण एकदा भीमसेन जोशींचा तान घेतानाचा एखादा फोटो घ्या आणि शेजारी कुठल्याही रॉक गायकाचा, आवाज टिपेला पोचलेला असतानाचा फोटो ठेवा. दोन्ही काढून बघा. कपाळावरच्या त्याच आठ्या, गळ्याच्या त्याच ताणलेल्या शिरा, डोळे तसेच घट्ट मिटलेले, हात तसाच हवेत काहीतरी पकडायला गेलेला. संगीत वेगळं, संस्कार वेगळे, कपडे तर वेगळेच. पण आवाज अंगातून बाहेर काढताना माणसाचा चेहरा जे करतो ते सगळीकडे सारखंच असतं. पेन्सिलीला हे पाच मिनिटांत कळतं. आपल्याला कळायला आयुष्य लागतं, कारण आपण चेहरा पाहण्याआधी त्याचं नाव-गाव विचारतो.

याचा अर्थ मुलांना वाटेल ते काढू द्यावं आणि शिक्षकाने हात बांधून बसावं, असं मी म्हणत नाही. डोळे डोक्याच्या मध्यावर येतात, कपाळाला वर ढकलायचं नसतं, मान खांद्यांत रुतवायची असते, हे सांगावंच लागतं. फोटोवरून काढताना तो फोटो काढणाराही एक कलावंत आहे, त्याने उजेडाची जागा आधीच निवडून ठेवलेली आहे, हेही सांगायला हवं. १९७४ च्या ‘क्वीन टू’ या तबकडीवर मिक रॉकने टिपलेले चार चेहरे आहेत. वरून उजेड, डोळ्यांच्या खोबणीत काळोख. ती कल्पना त्याला मार्लेन डीट्रिचच्या एका जुन्या छायाचित्रावरून सुचली होती. अशी ही देवाणघेवाण चालत आलेली आहे. चित्राच्या मागे मूळ फोटो कुणाचा ते लिहायची सवय मुलांना लावावी, म्हणजे घेतल्याची जाण राहते. पद्धत शिक्षकाची असू द्या. चेहरा मात्र मुलाचा असू द्या. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडेच मूल चार-चार तास पाहत बसतं. आणि चित्रकला म्हणजे दुसरं काय, तर कंटाळा न येता पाहत राहणं. आमच्या सरकारी ग्रेड परीक्षांत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असतं. आवडीला त्यात पेपर नाही. तो वर्गातच द्यावा लागतो.

आता तर एक नवा प्रश्न आला आहे. माझ्या नातीने परवा मोबाईलमध्ये एका फोटोवर बोट ठेवलं आणि क्षणात त्याचं पेन्सिलचित्र झालं. ‘‘आजोबा, तुम्हाला तीन दिवस लागतात!’’ ती म्हणाली. मी ते चित्र नीट पाहिलं. छटा उत्तम, कागदाचा खरखरीतपणासुद्धा होता. पण त्या यंत्राने कान, बटण आणि डोळा सारख्याच निगुतीने काढले होते. त्याला काहीच अवघड गेलं नव्हतं. हाताने काढलेल्या चित्रात एक जागा अशी असते, जिथे कागद जरा मळलेला असतो, तीनदा खोडलेलं असतं. काढणारा तिथे थांबलेला असतो, अडलेला असतो. समोरचा माणूस त्याला तिथे भेटलेला असतो. त्या मुलाच्या चित्रात ती जागा वरच्या ओठाची होती. माझ्या जाड रेघेखाली त्याच्या बारीक रेषांचं जाळं अजून दिसतं. किमान पाच वेळा तरी खोडलं असेल त्याने. एवढ्या कष्टाने सापडलेली गोष्ट मी अर्ध्या मिनिटात चुकीची ठरवली.

चित्र सापडल्यावर त्याच्या एका वर्गमित्राकडून मी नंबर मिळवला आणि फोन केला. तो साताऱ्याला एका कारखान्यात नोकरी करतो. मला वाटलं होतं, आठवणार नाही. ‘‘अजून आहे ते, सर?’’ म्हणाला. मी माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं. ‘‘छे छे सर, त्यात काय. पुढच्या वर्षी दहावी आली, मग राहूनच गेलं चित्रकलेचं. त्या चित्रामुळे नाही काही.’’ जुने विद्यार्थी मास्तरांशी फार दयाळूपणे वागतात. मी म्हटलं, ‘‘माझी रेघ खोडून मग पाठवू का?’’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘नको सर. तुम्ही दाबून ओढली होती. खोडलं तरी वळ राहील, कागद मात्र फाटेल.’’

अगदी बरोबर होतं त्याचं. खोडरबराने ग्राफाइट निघतं, कागदात उमटलेली चरी निघत नाही. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

चित्र मी तसंच पाठवलं. सोबत मी काढलेला फ्रेडीही पाठवला. त्यातला ओठ मला अजून साधलेला नाही, हे चिठ्ठीत लिहिलं.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात एखादं पोर दार लावून, कानात काहीतरी घालून, अनोळखी चेहऱ्यांची चित्रं काढत बसतं, त्यांना एकच सांगणं आहे. ते कागद घेऊन बाहेर येईल तेव्हा ‘हा कोण?’ असं पहिल्यांदा विचारू नका. ‘यातलं काय काढायला सगळ्यात अवघड गेलं?’ असं विचारा. आणि ते जिथे बोट ठेवील तिथे नीट बघा. हातात पेन्सिल असेल, तर ती आधी खाली ठेवा.